उन्हाची हातगाडी

ईरा, तू पाठवलेला फोटो मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तुमच्या गावात पूर आला, तुम्हा सगळ्यांना शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये हलवलं आणि बाहेर एक पांढरी गाडी आणून उभी केली. तिच्या टपावर सोलरच्या काळ्या काचा, पोटात बॅटऱ्या. त्या गाडीवर तू फोन चार्ज केलास आणि पहिला निरोप मला धाडलास, म्हणून माझा जीव भांड्यात पडला. खाली तू विचारलंस, 'आजी, तुमच्या वेळी असं काही होतं का गं?' आणि तुझ्या भावाने, निहारने, त्याखाली हसणारं तोंड टाकलं.

होतं. तुमची आई शाळेत होती तेव्हा होतं. आणि त्या वस्तूने मला इतका ताप दिला होता की तुझा फोटो पाहिल्यावर आधी माझं डोकं दुखलं, कौतुक मागाहून वाटलं.

मी तेव्हा घाटकोपर पश्चिमेच्या एका मराठी शाळेत मुख्याध्यापिका होते. शाळेच्या पुढे रस्ता, मागे डोंगर, आणि डोंगरावर वर वर चढत गेलेली झोपड्यांची वस्ती. आमची बरीचशी मुलं तिथूनच यायची. मला टापटीप आवडते हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमची आई त्यासाठी दुसरा शब्द वापरते. मैदानावर मी चुन्याच्या रेघा मारून घेतल्या होत्या. प्रार्थनेला कोणता वर्ग कुठे उभा राहणार ते ठरलेलं. त्यातल्या आठवी ब च्या रेघेवर बारा महिने एक हातगाडी उभी असायची. आठवी ब ची मुलं तिच्या दोन्ही बाजूंनी वाकून प्रार्थना म्हणायची.

ती गाडी आमच्या विज्ञानाच्या सरांची. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि त्यांच्या आवडीनिवडींना मी नोकरीभर पुरेसा मान दिलेला आहे.

भाजीवाल्यांची असते तशी ती लाकडी गाडी. वर बिजागऱ्यांवर उघडणाऱ्या निळसर काळ्या काचा. कुठल्याशा प्रयोगशाळेने तडे गेले म्हणून मोडीत काढल्या होत्या, त्या सरांनी स्वतःच्या पगारातून उचलून आणल्या. ऊन पडलं की त्यातून वीज निघायची. फळीखाली ट्रकच्या दोन जुन्या बॅटऱ्या, त्यात ती वीज भरून ठेवायची. मागच्या बाजूला चाकं नसलेली एक पुरुषी सायकल पक्की ठोकलेली. ऊन नसेल तर तिची पायडलं मारायची, की मोटारीचा डायनॅमो फिरायचा. आणि तारांना लटकलेले मोटारीचे बल्ब, प्रत्येकावर तुपाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली टोपी. संकटात लोकांना जिथे हलवतील तिथे ही गाडी ढकलत न्यायची आणि उजेड करायचा, असा सरांचा बेत. तुमच्या पांढऱ्या गाडीची ही पणजी म्हणा. दिसायला मात्र भंगारवाल्याची गाडी. नवे पालक 'बाई, रद्दी कुठे द्यायची?' असं विचारत तिच्यापाशी जायचे.

सर मालवणकडचे. उंच, किंचित वाकलेले, अविवाहित, जोगेश्वरीला बहिणीकडे राहणारे. शर्टाच्या खिशात पेन असतं तिथे त्यांच्याकडे एक बल्ब असायचा. आणि एक प्रश्न त्यांच्या तोंडी सदैव असायचा.

"अंधार झाला तर?"

शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की सुरू. शिवणाच्या बाईंना म्हणत, "बाई, आत्ता अंधार झाला तर तुमचा डबा तुम्हाला सापडेल?"

"सर, आत्ता भर दुपार आहे."

"झाला तर, असं म्हणतोय मी."

"झाला तर घरी जाईन."

"जिना सापडेल?"

शनिवारी ते डोळे मिटून जेवत. सराव म्हणून. एकदा अशा सरावात त्यांनी चित्रकलेच्या शिक्षकांचं करवंदाचं लोणचं सगळं संपवलं आणि डोळे न उघडताच म्हणाले, "आज वहिनींनी मीठ बरोबर घातलंय." चित्रकलेच्या शिक्षकांचं लग्नच झालेलं नव्हतं.

दुसरा त्रास उन्हाचा. ऊन सरकेल तशी गाडी फिरवावी लागे, आणि ऊन काही आमच्या वेळापत्रकाप्रमाणे सरकत नसे. दहावीच्या वर्गावर प्रकाशाचं वक्रीभवन चालू असताना सर मध्येच खिडकीबाहेर पाहत, "ऊन सरकलं" म्हणत, आणि खडू ठेवून चालू लागत. वर्ग खिडकीशी गोळा व्हायचा. एकदा तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसले होते. सर त्यांना म्हणाले, "साहेब, जरा बघता? आलोच." साहेब गोंधळून पुढे गेले आणि मुलांनी त्यांना उभं राहून 'नमस्ते सर' केलं. मी दारातून हे पाहिलं तेव्हा साहेब फळ्यासमोर खडू हातात धरून उभे होते. तो अहवाल पुढे मी वाचला. तुम्ही नका विचारू.

मी समजावलं, रागावले, मेमो दिला. मेमो त्यांनी घडी घालून गाडीच्या हलणाऱ्या चाकाखाली लावला.

बॅटरीत तेजाब असतं. सर वर्गात जाता-येता बॅटरीची झाकणं उघडून आत डोकावत. त्यांच्या पँटला गुडघ्यापासून खाली चाळणीसारखी भोकं. एकदा मी त्यांना जाब विचारायला गाडीपाशी गेले आणि माझ्या नारायणपेठ साडीच्या काठाला तीन टिपके उडाले. घरी जाईपर्यंत तिथे तीन भोकं पडली. ती साडी तुमच्या पणजीने मला पदवीच्या वेळी घेतली होती. दुसऱ्या दिवशी मी काठ त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो बारकाईने पाहिला आणि म्हणाले, "लगेच खायचा सोडा लावायला हवा होता. पुढच्या वेळी सोडा लावा."

पुढच्या वेळी!

मनोरीची सहल तर मी मेल्यावरही विसरणार नाही. डिसेंबरात मुलांना घेऊन गेलो होतो. सर निघताना छताच्या पंख्याची तीन पाती, एक लोखंडी दांडा आणि दोराचं भेंडोळं घेऊन आले. वाऱ्यावर वीज करून बघायची होती. मार्व्याच्या धक्क्यावरून होडीत बसलो. समोर पाट्या घेऊन बसलेली एक कोळीण सरांच्या मांडीवरच्या पंख्याकडे बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "मास्तर, पंखा कशाला नेताव, वारा हाय की तिकडं. वारा घेऊन ये म्हंजे झालं!" सगळी होडी हसली. सर गंभीरपणे म्हणाले, "वाराच आणायला चाललोय."

किनाऱ्यावर त्यांनी दांडा रोवला, पंखा बसवला. वारा चांगलाच होता. पंखा फिरू लागला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग तो आणखी जोरात फिरू लागला आणि मुलांनी टाळ्या थांबवल्या. मग तो दांड्यावरून सुटला, आमच्या डोक्यांवरून गेला आणि वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगेत शिरला. बोंबलांची मालकीण कोयता घेऊन आली. तिला शांत करता करता माझी सहल संपली. मुलांचे खेळ राहिले, माझा घसा बसला. परतीच्या होडीत सर समाधानाने म्हणाले, "बाई, वारा भरपूर आहे. फक्त त्याला थांबायला सांगता येत नाही."

"तुम्हालाही येत नाही," मी म्हणाले. त्यांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण त्या गाडीचा कुणाला उपयोग होईल तर शपथ. सर ती वापरूच देत नसत. स्नेहसंमेलनात नाटक रंगात आलेलं, संस्थेचे अध्यक्ष पहिल्या रांगेत, आणि वीज गेली. मिट्ट काळोख. मुलं ओरडायला लागली, "सर, गाडी! सर, गाडी!" मी चाचपडत मैदानात गेले तर सर गाडीपुढे हात पसरून उभे.

"नाही बाई."

"सर, अध्यक्ष अंधारात बसलेत."

"बसू द्या. संमेलन म्हणजे आपत्ती नव्हे."

"उद्या ऊन पडेल. परत भरेल तुमची बॅटरी."

"आणि नाही पडलं तर? आणि उद्याच वर काही झालं तर?" त्यांनी डोंगराकडे बोट दाखवलं.

"अहो, जानेवारी आहे!"

पण ते हलले नाहीत. अध्यक्ष काळोखातच मला म्हणाले, "बाई, ह्या गाडीचं प्रयोजन काय?" मी काय डोंबल सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, गाडी बाहेर. शिपाई धोंडूला सांगितलं, कांजूरमार्गचा भंगारवाला बोलाव. धोंडू एरवी माझा शब्द खाली पडू देत नसे. त्या दिवशी तो दारातच घुटमळला.

"बाई, तुम्ही यायच्या आधीची गोष्ट हाय. तुम्हाला कोणी बोललं नसंल."

मग त्याने सांगितलं. मी या शाळेत येण्यापूर्वी एका पावसाळ्यात डोंगराला भेग पडली होती. वरच्या रांगेतली माणसं आमच्या शाळेच्या हॉलमध्ये आणली. देखरेखीला सर होते. वीज गेली. कंदील होते, पण रॉकेल कुठून आणायचं, आणि सतरंज्यांवर पोरं झोपलेली, त्यांच्या पायात कंदील म्हणजे आगच. हॉल काळोखात. परके पुरुष, परक्या बायका एकाच छपराखाली, आणि संडास मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिन्हीसांजेला काही बाया आपल्या मुलींना घेऊन उठल्या आणि गुपचूप वर आपापल्या घरी गेल्या. सरांनी अडवलं, विनवलं. एक बाई त्यांना म्हणाली होती, "मास्तर, उजेड देता का? मग थांबते." सरांकडे उजेड नव्हता. त्याच रात्री डोंगर खाली आला.

"त्यातल्या दोन पोरी सरांच्या वर्गात होत्या," धोंडू म्हणाला.

मी भंगारवाल्याला बोलावलं नाही. पुढच्या आठवड्यात चुना मागवला आणि आठवी ब ची रेघ हातगाडीपासून दूर नवी मारून घेतली. सरांशी त्या विषयावर मी एक शब्द बोलले नाही, तेही बोलले नाहीत. पण दुसऱ्या एका विषयावर मी त्यांना सोडलं नाही.

"सर, ही गाडी चालवायला कुणाला तरी शिकवा. धोंडूला शिकवा. मला शिकवा."

"नको. शिकवलं की वापरतील."

"वापरायलाच ना केलीत?"

"वेळ आली की मी आहे."

"आणि तुम्ही नसलात तर? अंधार झाला तर, एवढं विचारता, मग हेही विचारा ना स्वतःला!"

हे त्यांना पटलं नाही. शिक्षक माणूस, उभा जन्म शिकवण्यात गेला, आणि ही एवढी एक गोष्ट शिकवायची नाही. बिजागरीला सुद्धा कुणाला हात लावू देत नसत. ईरा, तुमच्या त्या गाडीवर सूचना चिकटवलेल्या असतील. तरीसुद्धा कुणाला तरी विचारून ती चालवायला शिकून ठेव.

त्यानंतरच्या आषाढात ते झालंच. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. वरच्या रांगेमागे जुन्या भेगेशेजारी नवी भेग दिसली आणि त्या रांगेतली सगळी घरं रिकामी करून माणसं आमच्या हॉलमध्ये आणली. शाळेला सुट्टी. विजेच्या खोलीत पाणी शिरलं, वीज गेली. आणि संध्याकाळी सरांनी हातगाडी व्हरांड्यात आणली, तारा हॉलमध्ये नेल्या, आणि खटका दाबला.

खोटं बोलणार नाही, माझ्या अंगावर काटा आला. बायकांच्या बाजूला एक दिवा, पुरुषांच्या बाजूला एक, आणि संडासाच्या वाटेवर एक. फार प्रखर नव्हते, पण माणसाचं तोंड ओळखू येत होतं. बायकांनी गाठोडी सोडली.

त्यानंतर मात्र सर असह्य झाले. कुणी तारेखालून गेलं तरी "वाका!", कुणी टोपीखाली हात धरला तरी "हात!". एका तरुणाने रेडिओ लावायचं विचारलं तर त्याला डायनॅमोवर व्याख्यान मिळालं, रेडिओ मिळाला नाही. वरच्या रांगेत सुलोचनाबाई म्हणून एक होत्या, सरांच्याच मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता तो वारलेला, घरात दोन वयात आलेल्या मुली. त्या मला म्हणाल्या, "बाई, हे मास्तर कुणाची सासू झाले असते ना, सून चार दिवस नांदली नसती!"

मग अमावास्या आली. आषाढातली, दिव्यांची. तुम्हाला ही ठाऊक नसेल. त्या दिवशी घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. दिव्याने वर्षभर उजेड दिला, म्हणून एक दिवस त्याची सेवा करायची.

त्या दुपारी सर बॅटरीत घालायचं पाणी आणायला गेले होते आणि मी वॉर्ड ऑफिसात दुधाच्या पावडरीसाठी भांडत होते. परत आले तर व्हरांड्यात पाट मांडलेले. पाटाभोवती रांगोळी. पाटावर सरांचे बल्ब ओळीने, तुपाच्या डब्याच्या टोप्या चिंचेने आणि राखेने घासून लखलखीत केलेल्या. शेजारी कणकेचे दिवे. हातगाडी धुतलेली, पुसलेली, तिच्या दांड्याला झेंडू. हॉलमधल्या निम्म्या बाया बौद्ध होत्या, त्यांना ह्या अवसेशी काही घेणंदेणं नव्हतं, पण घासायला त्याही बसल्या होत्या. त्यातलीच कमल, सोलापूरकडची, बॅटरीपाशी बसून शेवटची तार आवळत होती.

"बाई, किती बुरशी चढलेली ह्येच्यावर! सगळी काढली बघा," ती म्हणाली.

बॅटऱ्या त्यांनी खाली उतरवून घासल्या होत्या. सरांनी त्या समोरासमोर, एकीचं तोंड इकडे आणि दुसरीचं तिकडे अशा ठेवलेल्या होत्या. बायांनी त्या परत ठेवताना दोन्ही एका दिशेला तोंड करून नीट ओळीत ठेवल्या, जशा मी मुली ओळीत बसवायचे. तारा मात्र जिथल्या तिथे बांधल्या. त्यामुळे एका बॅटरीला उलट्या तारा लागल्या. कमलने शेवटची तार टेकवली आणि चर्रर्र करून ठिणगी उडाली. धूर, जळक्या रबराचा वास. कमल मागे कोसळली. हाताला काही झालं नव्हतं, पण तार वितळली होती आणि एक बॅटरी मेली.

नेमके त्याच वेळी सर पाण्याचा कॅन घेऊन फाटकातून आत आले.

त्यांनी आधी धूर पाहिला, मग पाट, मग रांगोळी. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. आणि मग ते मालवणीत ओरडले. शाळेत ते शुद्ध बोलत; ही बोली त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली.

"अगो, ह्यां काय केलास तुम्ही! माका सांगूक नको?"

सुलोचनाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "सांगूचा कोणाक? तुम्ही कोणाक हात लावूक देतास? इतकी वर्सां ही गाडी बघतंव, एक दीस तरी सांगलास, ह्यां काय नि त्यां काय?"

"आमाला कुठं म्हाईत सर, ह्येचं तोंड कुणीकडं असतंय," कमल रडवेली होऊन म्हणाली.

सर व्हरांड्याच्या पायरीवर खाली बसले आणि खिशातल्या बल्बवर हात ठेवून डोंगराकडे पाहत राहिले.

आभाळ भरलेलं, दुपार कलली होती. उन्हाचं नाव नाही. मागे हॉलमध्ये हालचाल सुरू झाली. मी आत गेले तर सुलोचनाबाई गाठोडं बांधत होत्या. त्यांच्या मुली चपला शोधत होत्या.

"कुठे निघालात?"

"घरी."

"वर भेग पडलीय, सुलोचनाबाई."

"माहीत आहे. मरण परवडलं बाई, पण परक्या बाप्यांत, काळोखात, पोरी झोपवायच्या नाहीत मला. कुणाचा हात कुणाचा ते कळत नाही. मागल्या वेळी काय काय झालं ते मला विचारा." त्यांच्या मागे आणखी दोन-तीन गाठोडी बांधली जात होती.

मी बाहेर आले. सर तसेच बसलेले. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. मला त्यांची कणव आली असं मी लिहिलं तर ते खरं नाही. मला भयंकर राग आला होता. वर्षानुवर्षं सांगत होते, कुणाला तरी शिकवा!

मी धोंडूला म्हणाले, "घंटा दे."

"बाई, सुट्टी हाय."

"घंटा दे म्हणते ना. आणि सातवी अ चा फळा इकडे आण." मग मी सरांपुढे जाऊन उभी राहिले. "सर, तास सुरू झालाय. वर्ग आत बसलाय. उठा."

धोंडूने घंटा दिली. आणि काय सांगू तुम्हाला, हॉलमधली माणसं खरोखर खाली बसली. घंटा झाली की बसायचं, हे कुठे तरी सगळ्यांच्या हाडात असतं. सुलोचनाबाई गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या.

सर उठले. खडू हातात घेतला. फळ्यावर त्यांनी दोन चौकोन काढले, दोघांना दोन-दोन शिंगं. "ही लाल. ही काळी. लालला लालच भेटली पाहिजे. काळीला काळीच. तुम्ही बॅटरी फिरवलीत, पण तारा फिरवल्या नाहीत, म्हणून लाल काळीच्या घरात गेली."

"म्हणजे माहेरच्यांना सासरच्या पंगतीत बसवलं आम्ही," सुलोचनाबाई मागून म्हणाल्या.

"तसंच."

"मग आग लागणारच!"

हॉल हसला. सरही हसले, आणि त्यानंतर तो माणूस जे शिकवू लागला, ते मी आजतागायत विसरलेले नाही. शब्द साधे, हातात तार, प्रत्येकाला पुढे बोलावून हात लावून घेतलेला. ज्याला चुकलं त्याला परत. तपासणीचे साहेब आले होते तेव्हा हा माणूस कुठे होता, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही. जळकी तार काढून नवी कमलने बांधली. सरांनी ती ओढून पाहिली आणि म्हणाले, "मी बांधायचो त्यापेक्षा घट्ट आहे. घासलंयत मात्र झकास."

राहिलेल्या बॅटरीत जीव थोडा होता. आता सायकल. कमलने लुगड्याचा कासोटा घातला आणि दांडीवरून पाय टाकून चढली. पायडलं मारू लागली. बल्ब आधी विडीच्या टोकाएवढा लाल झाला, मग विझला.

"वहिनी, जोरात मार ना! वाट लागली बघ उजेडाची," तो रेडिओवाला तरुण ओरडला.

"ये की मग, तुला दांडीवर बसवते फुडं," कमल धापा टाकत म्हणाली.

बल्ब लाल झाला, नारिंगी झाला, पिवळा झाला आणि तसाच राहिला. पाळ्या ठरल्या; त्या अर्थात मी ठरवल्या. बायकांच्या बाजूचा दिवा बायका चालवणार आणि खटकाही त्यांच्याच हातात राहणार, हे सुलोचनाबाईंनी ठरवलं. मीही एक पाळी केली. हे तुमच्या आईला माहीत नाही आणि तुम्ही सांगायचं नाही. चष्मा, अंबाडा, चापून नेसलेली साडी आणि पुरुषी सायकल. धोंडूने पाठ फिरवली, तेवढी त्याला समज होती. सर मात्र शेजारी उभे राहून म्हणत होते, "बाई, पायांची लय सांभाळा. उजेड हलतोय."

सुलोचनाबाईंनी माझं ते चालवणं थोडा वेळ पाहिलं. मग गाठोड्याची गाठ सोडली, आतून चादर काढली आणि मुलींना अंथरून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं आणि ऊन पडलं. वॉर्डाच्या माणसांबरोबर मी डोंगराच्या पायथ्याशी गेले. वरची रांग नव्हती. जिथे घरं होती तिथे तांबडी माती होती, आणि तिच्यातून एका दाराची चौकट तेवढी वर आलेली. मी तिथे फार वेळ थांबले नाही. शाळेत आले आणि हॉलमध्ये उभं राहून मोठ्याने हजेरी घेतली. प्रत्येक नावाला उत्तर आलं. सुलोचनाबाईंनी तर "हजर, बाई" म्हटलं, शाळकरी मुलीसारखं.

सर डोंगर पाहायला गेले नव्हते. ते मैदानात हातगाडीच्या काचा उघडत होते. माझी पावलं ऐकून वळले नाहीत.

"सगळ्या आहेत?" त्यांनी विचारलं.

"हजेरी घेतली. सगळ्या आहेत."

त्यांनी खिशातला बल्ब काढला, शर्टाला पुसला, परत ठेवला. मग म्हणाले, "मग बाई, त्या बाजूने जरा धक्का द्या. ऊन सरकलं."

इतक्या वर्षांत त्यांनी मला त्या गाडीला हात लावू दिला नव्हता. मी पदर खोचला आणि जोर लावला. चाक पावसाने पुसलेल्या चुन्याच्या रेघेपाशी चिखलात अडकलं, गाडी हिसक्याने पुढे गेली, बॅटरी डचमळली आणि माझ्या निऱ्यांवर टिपके उडाले.

सर काचा उन्हाकडे वळवत होते. मागे न पाहताच म्हणाले, "सोडा लावा."